एस्टिमेट हाती आल्यावर आधी माप घ्या: मोटरसायकलचे सुटे भाग आणि घरची सर्व्हिसिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दीडशे सीसीची, सहा वर्षे वापरलेली मोटरसायकल आहे आणि तिची वॉरंटी संपली आहे. वर्कशॉपने बॅटरी, चेन सेट, क्लच प्लेटा, पुढच्या चाकाचे बेअरिंग आणि पुढचे ब्रेक पॅड अशा पाच गोष्टी बदलायला सांगितल्या आहेत, पण एवढा खर्च एकदम झेपणारा नाही. त्यामुळे कोणते भाग स्वस्तातले घेतले तर चालतील आणि यातली कोणती कामे घरी करता येतील, हे तुम्हाला हवे आहे.

दुचाकींच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्या अनुभवावरून सांगतो, की स्वस्त भाग शोधण्याच्या आधी या पाचपैकी कोणते भाग खरोखर गेले आहेत ते ठरवा. ग्राहकाचे सर्वात जास्त पैसे वाया जाताना मी पाहिले ते चांगला भाग काढून नवा बसवण्यात. तो खर्च टाळण्यासाठी फार मोठे कौशल्य लागत नाही. एक साधा मल्टीमीटर, एक व्हर्निअर कॅलिपर, एक फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि तुमच्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल एवढे जवळ असले की या यादीतल्या बहुतेक गोष्टींचा निकाल घरीच लागतो. खाली दिलेले आकडे या वर्गातल्या गाड्यांसाठी सर्वसाधारण आहेत. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा.

बॅटरीपासून सुरुवात करू. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी, चावी बंद असताना, मल्टीमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावावा. १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ च्या खाली असेल तर ती आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी आणि मगच तिची परीक्षा करावी, कारण रिकामी बॅटरी आणि मेलेली बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्याही खाली कोसळत असेल तर बॅटरी खरोखर थकली आहे. त्यानंतर इंजिन चालू करून चार ते पाच हजार आरपीएमवर पुन्हा मोजावे. साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास व्होल्टेज आले तर चार्जिंग ठीक आहे. ते जागचे हलतच नसेल तर दोष स्टेटर कॉइल (इंजिनमधली वीज तयार करणारी गुंडाळी), रेग्युलेटर-रेक्टिफायर (ती वीज बॅटरीजोगी करणारा भाग) किंवा वायरिंगच्या जोडात आहे. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो नव्या बॅटरीचीही तीच गत करेल.

माझ्याकडे एकदा अशी गाडी आली होती, जिच्यात वर्षभरात दोन नव्या बॅटऱ्या बसवून झाल्या होत्या. स्टेटरकडून रेग्युलेटरकडे जाणारा प्लॅस्टिकचा जोड उघडला तेव्हा तीन पिवळ्या वायरींपैकी एकीची पिन तपकिरी पडून तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक वितळलेले होते. पिन सैल, म्हणून तिथे रोध जास्त. रोध जास्त, म्हणून उष्णता. आणि उष्णतेने पिन आणखी सैल, असे ते चक्र होते. जोड नवा घातला आणि बॅटरी तीच ठेवून गाडी पुढे व्यवस्थित चालली. दोन बॅटऱ्यांचा खर्च मल्टीमीटरच्या दोन मिनिटांच्या वापराने वाचला असता, ही गोष्ट मला आजही खटकते.

चेन सेटची तपासणी तर मल्टीमीटरशिवायही होते. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरते त्या दातेरी चक्राच्या) सर्वात मागच्या बिंदूवर चेन बोटांनी पकडून मागे ओढावी. ती दातावरून उचलली जाऊन अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन संपली आहे. दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे दिसत असतील तर स्प्रॉकेटही संपला आहे. अचूक उत्तर हवे असेल तर चेन ताणून वीस कड्यांची लांबी मोजावी. ४२८ क्रमांकाच्या चेनचा पिच (शेजारच्या दोन पिनांमधले अंतर) अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतो, त्यामुळे नव्या चेनच्या वीस कड्या २५४ मिलिमीटर भरतात. वाढ एक ते दोन टक्क्यांच्या पलीकडे गेली की चेन बदलण्याची वेळ आली, असे बहुतेक उत्पादक मानतात. चेन बदलायची तर दोन्ही स्प्रॉकेट बरोबरच बदलावेत, कारण झिजलेले दात नवी चेन लवकर खातात आणि इथे केलेली काटकसर अंगलट येते.

पुष्कळदा मात्र चेन झिजलेली नसते, ती घाण आणि कोरडी असते. मऊ ब्रश आणि रॉकेल वापरून ती स्वच्छ करावी, कापडाने पुसून कोरडी करावी आणि मग आतल्या बाजूने ८०-९० ग्रेडचे गिअर ऑइल किंवा चेनसाठीचे वंगण लावावे. पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही टाळावेत, कारण सीलबंद चेनमधल्या रबरी रिंगा त्याने खराब होतात आणि त्या गेल्या की आत कारखान्यात भरलेले ग्रीस बाहेर पडते. चाक हाताने फिरवावे. इंजिन चालू करून गिअरमध्ये चेन फिरवत पुसण्याची सवय अनेकांना असते, आणि बोटाचे पेर गमावण्याचा तो हमखास मार्ग आहे. ढिलाई साधारण २० ते ३० मिलिमीटर ठेवतात. चाक फिरवत जाऊन चेन जिथे सर्वात घट्ट होते त्या जागी ती मोजावी. जास्त ताणलेली चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंग आणि ऑइल सील दोन्ही खराब करते, आणि तो खर्च नव्या चेन सेटपेक्षा खूप मोठा असतो.

चेन विकत घेताना गाडीच्या कंपनीच्या डब्यातलीच हवी असा आग्रह धरण्याचे कारण नाही. चेनचे क्रमांक सगळीकडे सारखे असतात. पहिला अंक पिच सांगतो, तोही इंचाच्या आठव्या भागांत: ४२८ मध्ये चार अष्टमांश, ५२० मध्ये पाच अष्टमांश. पुढचे अंक आतल्या रुंदीचे असतात. क्रमांक, कड्यांची संख्या आणि दोन्ही स्प्रॉकेटचे दात जुळले की नामांकित चेन उत्पादकाचा सेट बिनधास्त घ्यावा. जोडकडीची क्लिप बसवताना तिचे बंद टोक चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला असले पाहिजे, एवढे लक्षात ठेवावे.

आता क्लच. क्लच घसरतो हे चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडल्यावर कळते: आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही. पण एवढ्यावरून प्लेटा मागवू नयेत. आधी लिव्हरच्या टोकाशी मोकळी चाल किती आहे ते पाहावे. ती १० ते २० मिलिमीटर असायला हवी. प्लेटा झिजत जातात तशी ही चाल कमी होत जाते, आणि ती शून्यावर आली की लिव्हर सोडूनही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. केबलचा अॅडजस्टर दोन-चार फेरे फिरवून बरे झालेले क्लच मी इतके पाहिले आहेत, की ही तपासणी न करता दिलेल्या एस्टिमेटवर माझा विश्वास बसत नाही.

दुसरा संशयित म्हणजे इंजिन ऑइल. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे तेलाला इंजिनचे वंगणही करावे लागते आणि प्लेटांची पकडही राखावी लागते. यासाठी जपानमध्ये १९९८ साली जेएएसओ टी ९०३ हे मानक आले. डब्यावर ‘एमए’, ‘एमए१’ किंवा ‘एमए२’ लिहिलेले असेल तर ते तेल ओल्या क्लचसाठी आहे. ‘एमबी’ हे कमी घर्षणाचे तेल असून ते ओला क्लच नसलेल्या स्कूटरसाठी आहे. मोटारींच्या पातळ, इंधन वाचवणाऱ्या तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये अनेकदा घातलेली असतात आणि ती मोटरसायकलच्या क्लचला घसरवतात. असे तेल चुकून पडले असेल तर ते बदलून, योग्य तेलावर काही दिवस गाडी चालवून पाहावी. प्लेटा भाजलेल्या नसतील तर पकड बहुधा परत येते.

एवढे करूनही घसरत असेल तरच क्लच उघडावा. तेव्हाही व्हर्निअरने घर्षण प्लेटेची जाडी आणि स्प्रिंगची मोकळी लांबी मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहावी. कधी कधी प्लेटा मर्यादेत असतात आणि फक्त स्प्रिंगा दबून आखूड झालेल्या असतात. पोलादी प्लेटा काचेवर ठेवून त्यांच्याखाली फीलर गेज जाते का ते पाहिले की वाकलेपणाही कळतो. नव्या घर्षण प्लेटा इंजिन ऑइलमध्ये आधी काही तास भिजवून मगच बसवाव्यात आणि कव्हरचे गॅस्केट नवे घालावे.

बेअरिंगच्या बाबतीत मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण त्यांच्यावरचा क्रमांक वाचायला शिकले की पैसे सर्वाधिक वाचतात ते इथे. पुढचे चाक वर उचलून त्याच्या दोन विरुद्ध बाजू हातांनी धरून हलवावे. खटखट जाणवली तर आधी ती चाकाची आहे की हँडलच्या कोन सेटची (हँडल ज्यावर वळते त्या बेअरिंगची), हे कोणाला तरी फोर्क घट्ट धरायला सांगून वेगळे करावे. मग अॅक्सल काढून चाक खाली घ्यावे आणि बेअरिंगच्या आतल्या रिंगेत बोट घालून ती सावकाश फिरवावी. चांगले बेअरिंग लोण्यासारखे फिरते. गेलेले बेअरिंग वाळू भरल्यासारखे खरखरते किंवा ठरावीक जागी अडकते. बोटाला जाणवणारा तो फरक एकदा कळला की पुन्हा विसरत नाही.

आता बेअरिंगच्या कडेवरची धूळ पुसून त्यावर कोरलेला क्रमांक वाचावा. समजा तो ‘६३०१ २आरएस’ आहे. शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचा व्यास सांगतात: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे त्या अंकाला पाचाने गुणायचे, म्हणजे ०४ ला २०. ६३०१ चा बाहेरचा व्यास ३७ आणि जाडी १२ मिलिमीटर असते; ६२०२ चे माप १५, ३५, ११ आणि ६२०३ चे १७, ४०, १२. ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण. पाण्या-चिखलातून जाणाऱ्या चाकाला रबरी सीलच हवे. ‘सी३’ हे अक्षर आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त असल्याचे सांगते; जुन्यावर ते असेल तर नव्यावरही असले पाहिजे. ही मापे आंतरराष्ट्रीय आहेत. मोटरसायकल कंपनी ही बेअरिंगे सहसा स्वतः घडवत नाही, बेअरिंग उत्पादकाकडून घेते, त्यामुळे तोच क्रमांक नामांकित उत्पादकाच्या डब्यात, बेअरिंगच्या दुकानात, पुष्कळ कमी किमतीला मिळतो. ऑइल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते आणि तोही मापावरून घेता येतो.

बसवताना एकच नियम कसोशीने पाळावा: ठोकायचे ते बाहेरच्या रिंगेवर. आतल्या रिंगेवर घातलेला प्रत्येक घाव गोळ्यांमधून जातो आणि रस्त्यावर येण्याआधीच नव्या बेअरिंगला खड्डे पाडतो. त्याच मापाचे जुने बेअरिंग किंवा बाहेरच्या रिंगेएवढा सॉकेट मध्ये धरून सरळ, हलक्या ठोक्यांनी ते बसवावे. दोन बेअरिंगांच्या मधली नळी आत घालायला विसरू नये. ती नसेल तर अॅक्सल आवळताच दोन्ही बेअरिंगांवर आडवा दाब येऊन ती थोड्याच दिवसांत जातात.

सुटे भाग घेण्याबद्दल सर्वसाधारण सांगायचे तर ‘अमुक मॉडेलची केबल द्या’ असे न म्हणता पार्ट नंबर घेऊन जावे. उत्पादकाच्या पार्ट कॅटलॉगमध्ये प्रत्येक भागाचा क्रमांक चित्रासह असतो आणि एकच भाग तीन-चार मॉडेलांना लागतो हे त्यातून लक्षात येते. होंडाच्या क्रमांकांत पहिले पाच अंक भागाचा प्रकार सांगतात आणि मधली तीन अक्षरे तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी तयार झाला ते सांगतात. म्हणून नव्या गाडीचा एखादा भाग जुन्या, स्वस्त मॉडेलचाच असल्याचे अनेकदा उघड होते. स्पार्क प्लगचेही तसेच आहे. एनजीकेच्या ‘सीपीआर८ईए-९’ या क्रमांकातले ८ हे उष्णतेचे मान आहे आणि शेवटचे ९ म्हणजे ०.९ मिलिमीटरची फट. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड प्रकृतीचा होतो, बॉशमध्ये नेमके उलटे. दुसऱ्या उत्पादकाचा प्लग घ्यायचा तर आकडे न जुळवता तुलनेचा तक्ता पाहावा.

चेन, बेअरिंग, प्लग, केबल, बल्ब आणि नामांकित उत्पादकाचे ऑइल फिल्टर हे मूळ कंपनीच्या डब्याबाहेरचे घ्यायला माझी हरकत नाही. आरसे, साइड पॅनेल, फुटरेस्ट, टाकी हे भाग जुन्या गाडीवरचे घेतले तरी चालतात. ब्रेकचा कोणताही भाग, टायर, अॅक्सलचे नट आणि हँडल यांत मात्र तडजोड करू नये, आणि जुने तर घेऊच नये. टायर नवा म्हणून घेतानाही त्याच्या बाजूवरचे चार अंक वाचावेत: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. दुकानात पडून जुना झालेला टायर तिथेच ओळखता येतो.

घरच्या नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सर्वाधिक नुकसान होते ते हाताच्या जोराने. इंजिनचा बाह्यभाग अॅल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादाचा. जास्त आवळले की आटे जातात ते इंजिनचे. मी शिकत असताना ड्रेन बोल्ट ‘अजून थोडा’ आवळला आणि पाना अचानक हलका झाला. त्या हलकेपणाचा अर्थ मला त्याच क्षणी कळला, आणि आट्यांत नवी स्प्रिंग घालून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावे लागले. ड्रेन बोल्टला या वर्गात बहुधा २५ ते ३० न्यूटन-मीटर आणि ६ मिलिमीटरच्या कव्हर बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर एवढेच पुरते. टॉर्क पाना घेण्यात घातलेले पैसे पहिल्याच वर्षी वसूल होतात असे माझे ठाम मत आहे. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा घालावा. प्लग आधी हाताने पूर्ण आत जाईपर्यंत फिरवावा आणि मगच पाना लावावा.

क्रॉस स्क्रूंबद्दलही सांगणे आवश्यक आहे. जपानी रचनेच्या गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू जपानी मानकाचे असतात, आणि नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यांच्या खाचेत तळापर्यंत बसत नाही. जोर दिला की तो वर उसळतो आणि फुली गोल होते. जेआयएस टोकाचा ड्रायव्हर घ्यावा, आणि स्क्रू हलत नसेल तर हातोड्याने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा.

एअर फिल्टर फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, त्याला फिल्टरचे तेल लावून पुन्हा वापरता येतो. कागदाचा असेल तर धुऊ नये, आणि तेलकट कागदाचा असेल तर हवाही मारू नये, तो बदलावाच लागतो. टॅपेट सेट करणे, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणे, शिकण्यासारखे आहे, मात्र इंजिन पूर्ण थंड असताना आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणूनच. काढलेले ऑइल बंद डब्यात भरून ते गोळा करणाऱ्याकडे द्यावे. गटारात किंवा मातीत अजिबात ओतू नये.

राहिले ब्रेक पॅड. बहुतेक पॅडवर झिजेची खाच असते. ती दिसेनाशी झाली, किंवा लायनिंग दीड मिलिमीटरच्या आसपास आले, की पॅड बदलावेत, आणि इथे वर्कशॉपचे म्हणणे लगेच मान्य करावे. डिस्कची जाडीही मोजावी. किमान जाडीचा आकडा सहसा तिच्यावरच कोरलेला असतो. पॅड बदलणे घरी जमते. कॅलिपर काढल्यावर पिस्टनचा बाहेर आलेला भाग आधी स्वच्छ पुसावा, कारण तिथली घाण सीलच्या आत ढकलली तर पिस्टन अडकतो. पिस्टन मागे ढकलताना हँडलवरच्या छोट्या टाकीत ब्रेक फ्लुइड चढते, त्यावर लक्ष ठेवावे. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावा. फ्लुइड टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचेच आणि नव्या सीलबंद डब्यातलेच वापरावे. ते हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ४ प्रकारच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि म्हणूनच साधारण दोन वर्षांनी ते बदलतात. गाडीला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेकच्या नळीतली हवा काढण्याचे काम वर्कशॉपकडेच सोपवावे. नवे पॅड बसवल्यावर गाडी जागची हलवण्याआधी लिव्हर हाताला घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावा, कारण मागे ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत येईतो पहिल्या काही दाबांना ब्रेक लागतच नाही. त्यानंतर मोकळ्या जागी, चालण्याच्या वेगात, दोन-तीनदा थांबून पाहावे आणि मगच रस्त्यावर जावे.